तेलाचा प्रकार

स्टीलच्या पट्टीवर कापड, कापडावर गोंद,
गोंदावर फिल्म, फिल्मवर दोन थेंब तेल.
मग चोवीस तास ओव्हनमध्ये, चाळीस अंशांवर.
ओव्हन कशाला, तडवी सर म्हणाले,
मे महिना आहे, खिडकीत ठेवा.

जळगावच्या एमआयडीसीत गोंद येतो
पिवळसर, लहान मुलाच्या उशीएवढा.
टाकीत दीडशे अंशांना त्याचा मध होतो,
केसाएवढ्या धारेनं डायपरच्या कडेवर
नागमोडी उतरतो
आणि श्वास सोडायच्या आत थिजतो.
मिनिटाला चारशे डायपर.
मी त्यातले दहा उचलते आणि सोलते.
मला पगार सोलण्याचा मिळतो.

तक्रार चोपड्याहून आली.
पट्टी सुटते, दुकानदार म्हणाला,
लेकरू कडेवर घेतलं की सगळं घसरतं,
मांडीचं रबर बाहेर लोंबतं,
बाया माझ्या गल्ल्यावर आणून आपटतात.
गोंदवाल्यांचा माणूस आला,
उन्हातही इस्त्री न मोडलेला, हातात कागद:
तेलाच्या चाचणीत पास आहे, मॅडम.
कुठल्या तेलाच्या?
पांढऱ्या.
पांढरं तेल म्हणजे ज्याला वास नाही,
जे कुणाच्याच फडताळात नसतं.

झेलाबाई आमच्या गल्लीत लेकरं चोळायची.
मेहरुणमधली निम्मी डोकी तिनं गोल केलेली,
माझंसुद्धा.
तिळाचं तेल, त्यात लसूण काळा होईतो, मूठभर ओवा.
मी विचारलं तेव्हा पायांवर कुणाचं तरी पोर पालथं होतं,
आणि ती त्याच्या पाठीशीच बोलल्यासारखी बोलली:
‘तेल कोनं ऐकस का वं?
आंग पेस तितलं पेस,
उरनं ते तुना कागदले.’

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तिनं तेल दिलं.
रजिस्टरमध्ये ‘तेलाचा प्रकार’ असा रकाना आहे.
मी लिहिलं: झेलाबाई.
सरांनी वाचलं, खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोललं तर आवाजच नाही.
चांगला गोंद सुटताना चर्रर्र करतो,
कणसाचं पान ओढावं तसा, नाराजीनं.
हा निमूट आला. बोटाला तार.
काटा हललासुद्धा नाही.
तेल भांडत नाही. ते आत जाऊन बसतं,
आणि आपण काय धरलं होतं
हे गोंदाला आठवेनासं होतं.

त्यानंतर सात महिने. वीस बॅचा.
एक फार कडक, थंडीत काचेसारखी तडकली.
एक इतकी चिवट की रोलरच जखडला,
रात्रपाळीच्या शिरसाठने सुरीनं खरवडला.
लॅबला लसणाचा वास लागला,
डबा उघडला की मुली म्हणायच्या, भाजी कुणाची?
बॅच एकसष्ट चर्रर्र वाजली.
तडवी सरांनी सगळ्यांना कुल्फी दिली, डिसेंबरात.

झेलाबाई तेव्हा अंथरुणाला खिळली होती.
कंबर गेली, मग बोलणंही अर्धं.
पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सून तेच तेल लावायची.
मी मोठ्या मापाचं पाकीट घेऊन गेले,
बाजूला छापलेला आकडा आपोआप वाचला: एकसष्ट.

सून पाणी आणायला उठली.
पट्टी तेलानं चमकत होती, आणि धरून होती.
मी सोलली.
इतकी वर्षं सोलते आहे, हात पुढे गेलाच.

चर्रर्र.

लॅबमध्ये हाच आवाज ऐकायला
आम्ही सगळे श्वास धरून उभे राहतो.
इथे झेलाबाईनं मान भिंतीकडे वळवली.
चोपडा नाही, काटा नाही, एक बाई होती आत,
आणि तिलाही ऐकू येत होतं.

मग मी नवं घातलं, जमेल तितकं हळू.
नियमात दोन किलोचा रोलर फिरवायचा असतो.
मी अंगठा ठेवला, मनात दहा मोजले,
दहा झाल्यावरही ठेवला.


परत येताना गाडीच्या मुठीवरून हात निसटत होता.